पाहणी कोठे उभे राहून करायची?
शिक्षणाच्या संशोधनात पद्धतीची निवड ही केवळ तांत्रिक बाब नव्हे

मुले शाळा का सोडतात, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरेही ठराविक आहेत. शिक्षकांना विचारले तर पालकांची अनास्था हे कारण पुढे येते. पालकांना विचारले तर परिस्थिती नव्हती, असे सांगितले जाते. मुलाला विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. घेतलीच तर ते खाली मान घालून ‘आवडत नव्हतं’ एवढेच म्हणते. तिन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. तरीही ती एकमेकांशी जुळत नाहीत. आपण कोणाकडे गेलो, कोठे उभे राहून विचारले आणि कोणत्या साधनाने उत्तर नोंदवले, यांवर उत्तराचा रंग ठरतो. शिक्षणाच्या समाजशास्त्रातील पद्धतीचा सारा प्रश्न या साध्या गोष्टीत सामावलेला आहे.

पुणे शहरात शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. या प्रबंधांच्या वाटचालीचा क्रम अनेकदा उलटा असतो. प्रश्नावली आधी ठरते, तिच्यासाठी सोयीची शाळा नंतर सापडते आणि संशोधनाचा प्रश्न सर्वांत शेवटी, प्रश्नावलीच्या मापाने बेतला जातो. शंभर विद्यार्थी, पन्नास शिक्षक, टक्केवारीचे काही तक्ते आणि शेवटी शिफारशी, असा हा साचा आहे. आता तर प्रश्नावली मोबाईलवर पाठवता येते, त्यामुळे शाळेच्या फाटकापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. सर्वेक्षण ही पद्धत वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. पण प्रश्न कोणताही असो, साधन तेच, ही सवय मात्र घातक आहे. शाळेत बसून केलेल्या पाहणीत शाळेत नसलेले मूल कधीच दिसत नाही. ज्याच्यासाठी खटाटोप करायचा, नेमके तेच पाहणीतून वगळले जाते.

एका निवेदनाचा धडा

या बाबतीत पुण्याला फार जुनी परंपरा आहे. १८८२ साली हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करीत असताना १९ ऑक्टोबर रोजी जोतीराव फुले यांनी त्याला निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण एका ठराविक वयापर्यंत सक्तीचे करावे, या मागणीमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. पद्धतीच्या दृष्टीने मात्र त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. शिक्षणाच्या बाबतीत आपला अनुभव मुख्यत्वे पुणे आणि भोवतालची खेडी यांच्यापुरता आहे, हे फुल्यांनी त्यात स्पष्ट सांगून टाकले आहे. आपल्या माहितीची सीमा आधी सांगणे हे शास्त्रीय वृत्तीचे पहिले लक्षण होय. जाडजूड अहवालांतूनही ते नेहमी आढळते असे नाही.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी शाळा कायद्याने सर्वांना खुल्या होत्या. दप्तर तपासले असते तर महार-मांगांच्या मुलांना प्रवेश नाकारणारा नियम कोठेही मिळाला नसता. पण वरच्या जातींच्या मुलांशेजारी त्यांना बसू दिले जात नाही, म्हणून ही मुले व्यवहारात शाळेबाहेरच राहतात, हे फुल्यांनी आयोगाच्या नजरेस आणून दिले. ही गोष्ट कोणत्याही पटावर लिहिलेली नव्हती. ज्याने स्वतः शाळा चालवल्या, वस्त्यांतून मुले गोळा केली आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला, त्यालाच ती दिसली. कागद काय सांगतो आणि व्यवहारात काय घडते, यांतील अंतर ओळखणे हे शिक्षणाच्या समाजशास्त्राचे मूळ काम आहे.

हजेरीपटाचे गणित

कागदाला किंमत नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. राज्यभरात किती शाळा, किती शिक्षक, किती मुली आठवीपर्यंत पोचल्या, हे समजण्यासाठी दप्तराखेरीज दुसरा मार्ग नाही. पण दप्तर कशासाठी ठेवले जाते, हे विसरून त्यातील आकडे वापरले म्हणजे फसगत होते.

गळतीच्या आकड्यांचे उदाहरण घ्यावे. १९२९ साली हार्टोग समितीने भारतीय प्राथमिक शिक्षणातील दोन दोषांवर बोट ठेवले. मूल अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वी शाळा सोडते ती गळती आणि एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहते ते स्थगन. कल्पना उपयुक्त होत्या. पण पुढे अनेक वर्षे गळती मोजण्याची सोपी रीत रूढ झाली ती अशी की, एका वर्षीचा पहिलीचा पट घ्यावा, तीन वर्षांनंतरचा चौथीचा पट घ्यावा आणि दोहोंतील फरकाला गळती म्हणावे. समजा, एका गावात पहिलीच्या पटावर १०० मुले होती आणि तीन वर्षांनी चौथीत ४० आहेत. या हिशेबाने ६० मुले गळाली. वस्तुतः त्या शंभरांपैकी ३५ मुले आदल्या वर्षीचीच, पहिलीत राहिलेली असू शकतील. उरलेल्या ६५ पैकी काही अजून दुसरी-तिसरीत रेंगाळत असतील, काही आईबापांबरोबर दुसऱ्या गावी जाऊन तेथे शिकत असतील. चौथीतल्या चाळिसांतही मागे राहून आलेली काही मुले असतील. म्हणजे ‘साठ’ हा आकडा कोणत्याही साठ मुलांची हकीकत सांगत नाही. दोन पटांच्या वजाबाकीतून तो निघाला, इतकेच. गळती खरोखर मोजायची तर एकेका मुलाचा माग वर्षानुवर्षे काढावा लागतो. ते काम कष्टाचे आणि खर्चाचे असल्यामुळे वजाबाकीवर भागवले गेले.

आकड्यांचा अर्थ कायद्यानेही बदलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने ही मनाई शिथिल होईपर्यंतच्या काळात दप्तरातून स्थगन जवळजवळ नाहीसे झाले. परंतु पाचवीत बसलेल्या ज्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, ते मूल पूर्वीच्या भाषेत दुसरीतच अडकलेले आहे. फक्त ते मोजण्याचे पट्टीवरचे चिन्ह पुसले गेले. जुने आणि नवे आकडे शेजारी मांडून प्रगतीचा आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्याने आधी हे तपासले पाहिजे. हीच गोष्ट देशव्यापी ‘यू-डायस’ माहितीची. २०२२-२३ पासून शाळावार बेरजांऐवजी विद्यार्थीनिहाय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येत नाही.

आणि पट खराच असतो, असे कोणी धरून चालावे? शाळेची मान्यता, शिक्षकांची पदे, तुकड्यांचे अनुदान हे सारे पटसंख्येवर अवलंबून असेल तर पट फुगवण्याचा मोह होणारच. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाला सर्व शाळांची पटपडताळणी एकाच वेळी करावी लागली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. मतदाराच्या बोटावरची खूण विद्यार्थ्याच्या बोटावर आली, याहून आकड्यांच्या विश्वासार्हतेवर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

दारापर्यंत जाणारी पाहणी

शाळेचे दप्तर जेथे संपते तेथून पुढे जाण्याचा मार्ग पुण्यातच आखला गेला. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. कुटुंबांचा नमुना निवडून घरोघर माहिती गोळा करण्याची ही रीत तेव्हा आपल्याकडे नवी होती. त्या पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच संस्थेने सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची चौकशी केली. गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या नावाने दोन चौकशींचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले.

त्यांतील एका चौकशीचा प्रश्न विलक्षण होता. शाळेत शिकलेले मूल मोठेपणी साक्षर राहते काय? त्या काळी सर्व चर्चा पटावरील संख्येभोवती फिरत होती. मूल चार इयत्ता शिकले म्हणजे काम झाले, असे गृहीत धरले जाई. पण शाळा सोडल्यानंतर हातात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, पत्र लिहिण्याचा प्रसंग नाही, अशा स्थितीत शिकलेले अक्षर टिकते की विरते, हे शाळेत बसून कळणे अशक्य होते. त्यासाठी शाळा सोडून गेलेल्या माणसांकडे जावे लागले. येथे प्रश्नानेच पद्धत ठरवली. पाहणीची जागा बदलली, कारण प्रश्नाचे उत्तर शाळेच्या चार भिंतींत नव्हते.

हीच दिशा पुढे २००५ पासून ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने मोठ्या प्रमाणावर चोखाळली. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या पाहणीत कार्यकर्ते गावात जातात, घरे निवडतात आणि घरातल्या मुलाला साधा उतारा वाचायला देतात. मूल सरकारी शाळेत जाते, खासगी शाळेत जाते की कोठेच जात नाही, याने फरक पडत नाही. २०१८ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ५०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. महासाथीनंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. पटसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात ही घसरण उमटली नसती. तथापि या पाहणीलाही सीमा आहे. ती ग्रामीण भागापुरती असल्यामुळे पुणे शहरात बांधकामावर राहणारे मूल तिच्या कक्षेत येत नाही. मुलाला वाचता येत नाही हे ती सांगते. का येत नाही, हे शोधण्यासाठी दुसऱ्या साधनाकडे वळावे लागते.

‘का’ आणि ‘कसे’

‘का’ या प्रश्नाला प्रश्नावली सहसा दुबळे उत्तर देते. मागे दिलेल्या पर्यायांपैकी एकावर खूण करा म्हटले की पर्याय ज्याने लिहिले त्याचीच समजूत परत हाती येते. गरीब पालकांना शिक्षणात रस नसतो, ही अशीच एक समजूत. उत्तरेकडील पाच राज्यांतील गावांत जाऊन केलेली ‘प्रोब’ पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुसंख्य पालकांना मुलांनी, आणि मुलींनीही, शिकावे असे वाटते हे दिसून आले. उणीव इच्छेची नव्हती. चालणाऱ्या शाळेची होती. पाहणी करणाऱ्यांनी शाळेची अवस्थाही डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून पालकांच्या बोलण्याला आधार मिळाला. नुसती मते गोळा केली असती तर शिक्षक खरे की पालक खरे, हा वाद तसाच राहिला असता.

विचारणारा कोण, यावरही पुष्कळ अवलंबून असते. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन ‘मुलगी का येत नाही?’ असे विचारले तर आईच्या कानी तो जाब विचारल्यासारखा पडतो. ती आजाराचे निमित्त सांगते. धाकट्या भावाला सांभाळायला दुसरे कोणी नाही, किंवा शाळेच्या वाटेवर मुलीला त्रास होतो, हे सांगायला ओळख लागते, वेळ लागतो आणि ऐकणाऱ्याकडून आपले काही वाईट होणार नाही, असा भरवसा लागतो. एका फेरीत शंभर अर्ज भरून घेणाऱ्याला तो मिळत नाही.

म्हणून समाजशास्त्राने निरीक्षणाचा, माणसांत राहण्याचा मार्ग धरला. इंग्लंडमधील एका औद्योगिक गावातील अवघ्या बारा कामगारपुत्रांबरोबर दीर्घकाळ वावरून पॉल विलिस यांनी १९७७ मध्ये आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. ही मुले मंद म्हणून मागे पडत नव्हती. शाळा ज्या जीवनाचे आमिष दाखवते ते आपल्या वाट्याला येणार नाही, हे त्यांनी जोखले होते आणि शाळेची टवाळी करता करता ती बापाच्याच कारखान्याच्या वाटेला लागली होती. याच्या उलट टोकाला १९६६ चा अमेरिकेतील कोलमन अहवाल आहे. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून त्याने दाखवले की, मुलांच्या यशातील फरकांचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे. बारा मुले आणि सहा लाख मुले, यांत श्रेष्ठ कोणते, असे विचारणे व्यर्थ आहे. सहा लाखांवरून फरक किती आहे ते कळते. बारांवरून तो कसा घडतो ते कळते.

पुण्यातही या अंगाने कामे झाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या आश्रयाने आय. पी. देसाई यांनी पुण्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांचा केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे य. भा. दामले यांनी पुण्यातील महाविद्यालयीन तरुणांचा अभ्यास केला. शिक्षण म्हणजे वर्गातील अध्यापन एवढेच न मानता विद्यार्थी कोणत्या घरांतून, कोणत्या जातींतून, कोणत्या अपेक्षा घेऊन येतो, हा समाजशास्त्राचा विषय आहे, ही जाणीव या कामांतून रुजली.

शिवाय मराठीत एक असे साधन उपलब्ध आहे की ज्याचा हेवा वाटावा. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनांकडे वाङ्मय म्हणून पाहिले गेले. पण वर्गात कोठे बसवले जाई, पाणी कोण वाढी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुलाची शाळा कशी बुडे, याची साक्ष म्हणूनही ती वाचता येतात. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना २००६ च्या आपल्या ग्रंथात सामाजिक पुराव्याचे स्थान दिले. पुण्यातच वाढलेल्या शैलजा पाईक यांनी पुण्या-मुंबईच्या दलित स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे त्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका आयुष्यावरून सर्वांविषयी बोलता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण सर्वेक्षणात कोणते प्रश्न विचारायला हवे होते, हे अशा एका आयुष्यावरूनच उमगते.

करून पाहणे

काही प्रश्न असे असतात की जे पाहून किंवा विचारून सुटत नाहीत. करूनच पाहावे लागतात. बालशिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाचा प्रश्न त्यांपैकी एक. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत, जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली, १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत कृतिसंशोधनाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. दिवसा गुरे राखणारी, शेतावर जाणारी, घर सांभाळणारी मुले, आणि त्यांत मुलींचेच प्रमाण अधिक, शाळेच्या वेळेला येऊ शकत नव्हती. तेव्हा वेळच बदलून पाहिली. गावातल्याच शिक्षकाने संध्याकाळी वर्ग घ्यावा, गावाने त्यात लक्ष घालावे, असे ठरले. परीक्षेच्या धाकाऐवजी मुलांची जत्रा भरवून तीत त्यांना काय येते ते पाहिले गेले. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळा मुलाला जुळवून घेता येईल काय, असा तेथे प्रश्नच उलटवला गेला.

असेच काहीसे १९९० च्या सुमारास पुण्यातील महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांना आढळले. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी त्या गेल्या. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर हिंडल्या. तेव्हा लक्षात आले की, आईची मिळकत आणि कामाची प्रतिष्ठा वाढल्याशिवाय मुलाचे शिकणे टिकायचे नाही. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. शिक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षणाबाहेर निघाले. प्रश्नावली घेऊन गेलेल्याला ते सापडले नसते, कारण त्याच्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

प्रयोगाची दुसरी, अधिक काटेकोर रीतही आहे. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्या तरुणीने वेगळे शिकवावे, या ‘बालसखी’ योजनेची पारख २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात झाली. बालसखी कोणत्या वर्गाला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले, म्हणून दोन्ही गटांची तुलना न्याय्य ठरली आणि मुलांचे गुण वाढल्याचे खात्रीने सांगता आले. असा प्रयोग ‘उपयोग झाला का’ याचे चांगले उत्तर देतो. मुंबईत जमले ते मेळघाटात का जमेल किंवा जमणार नाही, हे सांगण्यास मात्र तेथे जाऊनच पाहावे लागते.

निवड कशी करावी?

तेव्हा पद्धतीची निवड करताना चार गोष्टींचा विचार क्रमाने व्हावा. प्रश्न किती आहे, का आहे, कसे घडते आहे, की काय केल्याने बदलेल, यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे पहिले. पहिल्याला मोजणी, दुसऱ्या-तिसऱ्याला सहवास आणि संभाषण, चौथ्याला प्रयोग किंवा कृती. ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो माणूस कोठे आणि केव्हा भेटतो, हे दुसरे. त्याने आपल्याशी मोकळेपणे बोलावे, असे आपले त्याच्याशी नाते आहे काय, हे तिसरे. आपल्या चौकशीने त्याचे काही नुकसान तर होणार नाही, हे चौथे, पण महत्त्वाने पहिल्याच्या बरोबरीचे. अल्पवयीन मुलाचे नाव, जात, घरची अडचण अहवालात अशी उघडी पडू नये की उद्या वर्गात त्यालाच मान खाली घालावी लागेल.

वेळ आणि पैसा यांची अडचण खरी आहे. नोकरी सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्या शिक्षकाला शंभर गावे पालथी घालता येणार नाहीत. पण त्याच्या हाती एक असे साधन आहे की जे बाहेरच्या तज्ज्ञाजवळ नसते. तो रोज त्या वर्गात असतो. आपल्याच शाळेतून गेल्या पाच वर्षांत नाव कमी झालेल्या वीस मुलांचा माग काढून, त्यांच्या घरी दोनदा-तीनदा जाऊन लिहिलेला प्रबंध हा दोनशे मोबाईल-प्रश्नावल्यांपेक्षा अधिक मोलाचा ठरेल. शाळेतील कारकुनाची दाखल-खारीज नोंदवही हे त्या शोधाचे पहिले पान असेल. सोडून गेलेल्या मुलाच्या नावापुढील ‘स्थलांतर’ हा शेरा तेथे संशोधनाचा शेवट नसून आरंभ आहे. विद्यापीठांनीही प्रबंध तपासताना किती नमुना घेतला, याआधी तो प्रश्नाला साजेसा आहे काय, हे विचारले पाहिजे.

हा विषय अभ्यासकांच्या खोलीपुरता नाही, याची साक्ष अलीकडच्या काळातच मिळाली आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे सर्वेक्षण केले. हेतू चांगला होता आणि असंख्य शिक्षक त्यासाठी राबले. पण बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. जुलैत ती कुटुंबे गावी असतात आणि मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते. म्हणजे जे मूल वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरातील कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते, ते जुलैतल्या एका दिवशी शाळेतले मूल म्हणून मोजले जाण्याचा संभव होता. तारीख निवडणे ही वरवर कारकुनी बाब. पण तीतच निष्कर्ष दडलेला होता. जे मूल मोजले गेले नाही, त्याच्यासाठी शिक्षक मंजूर होत नाही, वर्ग उघडत नाही, पुस्तकांचा संच निघत नाही.

पुण्याच्या चारी बाजूंनी उंच इमारती उठत आहेत. त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुले एक काम संपले की दुसऱ्या कामावर जातात. महिन्यापूर्वी पाहणी झाली तेव्हा ती येथे नव्हती आणि पुढच्या पाहणीच्या वेळी नसतील. त्यांना मोजायचे तर ठिकाणावर नव्हे, त्यांच्या फिरतीवर नजर ठेवणारी पद्धत शोधावी लागेल. ज्या शहरात फुल्यांनी आपल्या माहितीची सीमा सांगून मग साक्ष दिली आणि गाडगिळांनी शाळा सोडून गेलेल्यांपर्यंत चौकशी नेली, त्या शहरातील विद्यापीठांना आणि अध्यापक महाविद्यालयांना हे काम अवघड वाटू नये. मापनाची पट्टी हातात घेण्यापूर्वी ती कोणत्या मुलापर्यंत पोचत नाही, एवढे प्रत्येक संशोधकाने एकदा स्वतःला विचारले, तरी सुरुवात योग्य ठिकाणाहून होईल.